भीती आणि सौदा बाजूला ठेवल्यावर

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आपण आणि आपले यजमान ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहता. एकाची नोकरी ऐरोलीला, दुसऱ्याची वांद्र्याला. सकाळी साडेसातला कुलूप लागलेले घर रात्री आठच्या सुमारास उघडते. ग्रंथ वाचायला किंवा प्रवचनाला जाऊन बसायला सवड नाही, तरी देव म्हणजे काय आणि धर्म कशाला म्हणायचे हे कुणीतरी सरळ सांगावे असे आपल्याला वाटते. आठ वर्षांची मुलगी विचारते की देव खरोखर आहे का, आणि असेल तर दिसत का नाही. सासूबाईंचे म्हणणे आहे की नवरात्र बसवणे बंद झाल्यापासून घराची घडी विस्कटली. शिवाय सोसायटीच्या सत्यनारायणाचा प्रसाद न घेता आपण एकदा घाईने निघून गेलात, त्याची रुखरुख अजून आपल्या मनात आहे.

नौपाड्यात पौरोहित्य आणि प्रवचने करता करता माझे केस पांढरे झाले. यजमानांची घरे वाड्यांतून इमारतींत गेली, मुले खाडीपलीकडे वाशी-नेरूळला राहायला गेली, तसा मीही त्यांच्यामागे गेलो. त्या सगळ्या घरांतून एक गोष्ट मला पक्की दिसली आहे. देवाधर्मातले जे लोकांना अवघड, वेळखाऊ आणि दडपण आणणारे वाटते, त्यातले पुष्कळसे मूळ विचारातले नसून भीतीने आणि सौद्याने आत आलेले असते. काही राहिले तर कोप होईल ही भीती, आणि अमुक केले तर तमुक मिळेल हा सौदा. ही दोन्ही काढून टाकली की जे उरते ते समजायला सोपे आहे आणि धावपळीच्या दिवसातही मावते. आचरायला सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

देव कोण आणि किती, हा प्रश्न आपल्या मुलीच्या कितीतरी आधी विचारला गेला आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात, जनक राजाच्या सभेत, विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्यांना विचारतो की देव किती आहेत. उत्तर मिळते, तीन हजार तीनशे सहा. शाकल्य "बरे" म्हणतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. आता उत्तर येते, तेहेतीस. तो पुन्हा विचारतो. सहा. मग तीन, मग दोन, मग चक्क दीड, आणि शेवटी एक. पुढे तो प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारतो, आणि हा भाग आजच्या माणसाने शांतपणे वाचावा असा आहे. याज्ञवल्क्य म्हणतात, ते हजारो म्हणजे देवांचे महिमे, देव तेहेतीसच. त्यांत आठ वसू आहेत, म्हणजे अग्नी, पृथ्वी, वायू, अंतरिक्ष, सूर्य, द्युलोक, चंद्र आणि नक्षत्रे. अकरा रुद्र म्हणजे माणसाच्या देहातले दहा प्राण आणि अकरावा आत्मा. बारा आदित्य म्हणजे वर्षाचे बारा महिने. उरलेले दोघे इंद्र आणि प्रजापती. इंद्र म्हणजे मेघगर्जना आणि प्रजापती म्हणजे यज्ञ. पुढे दोन म्हणजे अन्न आणि प्राण, दीड म्हणजे हा वाहणारा वारा, आणि एक म्हणजे प्राण, ज्याला ब्रह्म म्हणतात.

ही यादी एकदा डोळ्यांखालून घातली की लक्षात येते, तिच्यात ढगांवर बसून हिशेब ठेवणारा कुणी नाही. ऊन, वारा, जमीन, महिने, अन्न, श्वास हे सगळे आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. ज्यावाचून आपण एक दिवसही जगू शकत नाही आणि जे आपण निर्माण केलेले नाही, त्याला आपल्या पूर्वजांनी आधी देव म्हटले. आणि मग या सगळ्याच्या मुळाशी एकच काही आहे का, याचा शोध घेतला. घाईत असलेल्या कुणी मला देवाविषयी एका वाक्यात विचारले तर मी एवढेच सांगतो. पुढे भक्तांनी त्या एकाला हाक मारता यावी म्हणून विठ्ठल म्हटले, अंबाबाई म्हटले, खंडोबा म्हटले, कारण माणसाला नुसत्या तत्त्वाशी बोलता येत नाही. ज्याला तत्त्व पुरते त्याने तत्त्व धरावे, ज्याला विटेवरचा विठोबा हवा त्याने तो धरावा. दोघांत भांडण लावून देण्याचे काहीच कारण नाही.

ईश्वर आहे असे मानल्याशिवाय धार्मिक होता येत नाही, हेही खरे नाही. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही आपल्याच सहा दर्शनांतली दोन दर्शने, आणि त्यांच्या जुन्या मांडणीत जग निर्माण करणाऱ्या ईश्वराला जागा नाही. जैन आणि बौद्ध जगत्कर्ता मानत नाहीत, तरी त्यांच्याइतकी कडक आचारसंहिता फार थोड्या लोकांनी पाळली असेल. उलट बाजूला न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वर आहे हे सिद्ध करण्यासाठी तर्काचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. म्हणजे हा वाद घरातलाच आहे आणि जुना आहे. आपल्या मनात शंका असेल तर ती लपवून देवासमोर उभे राहण्याची गरज नाही.

मुलीला काय सांगावे, याचा मी बराच विचार केला. देव दिसत नाही हे तिचे निरीक्षण बरोबर आहे, आणि ते तसेच्या तसे मान्य करावे. "तुला नाही दिसत, पण त्याला सगळे दिसते, चुकलीस तर शिक्षा करील" हे वाक्य मात्र कधीही उच्चारू नये. त्या वाक्याने मूल देवाला पोलिसाच्या जागी बसवते आणि मोठेपणी त्या पोलिसाला चुकवायला शिकते. केनोपनिषदात एक ओळ आहे, डोळ्याने जे पाहता येत नाही पण ज्याच्यामुळे डोळे पाहतात ते ब्रह्म. हे आठ वर्षांच्या मुलीला तिच्या भाषेत सांगता येते. तू पाहतेस, ऐकतेस, झोपेत असतानाही तुझा श्वास चालू राहतो. हे चालवणारे तुझ्यात काय आहे, शोध. तिला उत्तर लगेच सापडणार नाही आणि सापडावे असा आग्रहही नको. ती आणखी खोदून विचारू लागली तर मोकळेपणाने म्हणावे की हे आम्हालाही पूर्ण माहीत नाही. असे म्हणण्याने धर्माला बाध येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९वे सूक्त, ज्याला नासदीय सूक्त म्हणतात, सात ऋचांचे आहे. सृष्टी कुठून झाली याचा विचार करता करता ते अखेरीस म्हणते की परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्यालाच हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. वेदातला ऋषी जिथे एवढा प्रामाणिक राहतो तिथे आई-वडिलांनी खोटी खात्री दाखवू नये.

मूर्तीचा प्रश्नही मुले विचारतात, आणि त्याचे उत्तर गणेश चतुर्थीला आपल्या घरातच घडत असते, फक्त कुणी तिकडे बारकाईने पाहत नाही. पेणहून आलेली शाडूची मूर्ती चौरंगावर ठेवली तरी त्या क्षणी ती पूजेची नसते. यजमान दूर्वांनी तिच्या हृदयाला स्पर्श करतो आणि गुरुजी म्हणतात, "अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु, अस्यै प्राणाः क्षरन्तु च", हिच्यात प्राण स्थिर होवोत. तिथून पुढे ती आपली पाहुणी. दीड दिवसाने, पाच दिवसांनी किंवा अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा होते, अक्षता वाहून "यान्तु देवगणाः सर्वे" म्हणतात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. त्या हलवण्याबरोबर पूजा संपली, आता ती पुन्हा माती आहे आणि पाण्यात जाणार आहे. म्हणजे मूर्ती हाच देव असा समज या विधीत कुठेही नाही. आपण काही काळ एका ठिकाणी मन एकवटायचे ठरवतो, त्या ठरवण्याला मंत्राचे रूप देतो, आणि मुदत संपली की ते सोडून देतो. पुढच्या वर्षी मुलीला त्या दोन्ही वेळी जवळ बसवा आणि दूर्वा तिच्या हातात द्या. अध्यात्मावरच्या माझ्या एखाद्या तासाच्या प्रवचनातून कळणार नाही तेवढे तिला त्यातून कळेल.

आता आपली प्रसादाची रुखरुख. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावते आणि नाव दिसेनाशी होते, हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. ठाण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत वर्षातून एकदा ही पूजा होते आणि स्पीकरवरून सगळ्या मजल्यांवर ऐकू जाते. पण त्याच कथेचा मोठा भाग कलावतीच्या वडिलांचा, साधुवाण्याचा आहे. तो संतान झाले तर व्रत करीन म्हणतो, मुलगी होते, तेव्हा म्हणतो तिच्या लग्नात करीन, लग्न होते आणि तो विसरतो. नंतर धनाने भरलेली नाव घेऊन येताना दंडी संन्यासी विचारतो की नावेत काय आहे, तेव्हा तो हसून खोटे सांगतो की वेली आणि पाने आहेत. आणि धन खरोखरच पालापाचोळा होते. शब्द देऊन न पाळणे आणि तोंडावर खोटे बोलणे, हे या कथेतले खरे दोष आहेत, आणि देवाचे नावच सत्यनारायण आहे. कलावतीचा प्रसंगही मी उतावीळपणाचा म्हणूनच वाचतो. लोक मात्र शिऱ्याला घाबरतात आणि खोटे बोलायला घाबरत नाहीत. आपल्याला गाडी गाठायची होती म्हणून प्रसाद राहिला. यात दोष लागण्यासारखे काही नाही, आणि घरातल्या कोणत्याही अडचणीचा संबंध त्याच्याशी जोडू नये.

पूजेत चुकीची भीती किती निराधार आहे ते पूजाच सांगते. कोणत्याही पूजेच्या अखेरीस गुरुजी यजमानाकडून म्हणवून घेतात, "आवाहनं न जानामि, न जानामि तवार्चनम्", मला बोलावता येत नाही, मला पूजा येत नाही, क्षमा कर. त्यापुढे येते "मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर", मंत्र चुकला असेल, कृती राहिली असेल, इतकेच काय भक्तीही कमी पडली असेल, तरी हे पूर्ण मानून घे. साग्रसंगीत षोडशोपचार पूजा करणारा दशग्रंथी विद्वानही हेच म्हणून उठतो. ज्या विधीची सांगताच "मला येत नाही" या कबुलीने होते, त्या विधीत चूक झाली म्हणून देव सूड घेईल असे मानणे त्या देवावरच अन्याय करणारे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की या मार्गावर केलेला थोडाही प्रयत्न वाया जात नाही, उलटा दोष लागत नाही, आणि थोडासा धर्मही मोठ्या भयापासून तारतो. तिथे विषय कर्मयोगाचा आहे, पण थोड्यावर एवढा विश्वास ठेवलेला पाहून दिवसभर धावणाऱ्या माणसाला धीर येतो.

सौद्याविषयी फार लिहीत नाही. "नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती" असे तुकोबांनी इतके स्पष्ट विचारून ठेवले आहे की त्यापुढे माझ्या शब्दांची गरज नाही. संकटात माणूस देवाला हाक मारतो, रडतो, मागतो, ते अगदी नैसर्गिक आहे आणि त्याची लाज वाटू देऊ नये. पण अडचणीत सापडलेल्या माणसाच्या हातात यादी देऊन हजारो रुपयांच्या शांती करायला लावणे मी कधी योग्य मानले नाही. आपल्याला कुणी तसे सांगितले असेल तर नम्रपणे नकार द्यावा.

वेळेबद्दल आपण जे लिहिले आहे ते मी मनावर घेतले आहे, कारण ती सबब नसून खरी अडचण आहे. पण आपली संतपरंपरा रिकाम्या माणसांची नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता महाराज मळ्यात राबत होते आणि "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" म्हणत होते. गोरोबा मडकी घडवीत, सेना महाराज हजामत करीत, जनाबाई दळण-कांडण करीत. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाची पहिलीच ओळ आहे, "देवाचिये द्वारी उभा क्षणभरी". त्यांनी तासभर म्हटलेले नाही. इतर धर्मांनीही हा प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला आहे. नमाजाच्या पाच वेळा दिवसभरात वाटून दिलेल्या आहेत, जैनांचे सामायिक, म्हणजे समभावाने शांत बसण्याची साधना, अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते, ख्रिस्ती लोकांनी आठवड्यातला एक दिवस बाजूला काढला. मासुंदा तलावाला फेरी मारली तर कौपीनेश्वराचे देऊळ, संत जॉन बाप्टिस्ट चर्च आणि टेंभी नाक्याचे जैन मंदिर अशा पायी जाण्याच्या अंतरात हिंदू, ख्रिस्ती आणि जैन या तिन्ही रीती दिसतात, आणि तिथे येणारी माणसे आपल्यासारखीच कामावर जाणारी असतात.

आपल्या घरासाठी मी सुचवीन ते असे. सकाळी स्नानानंतर देवापुढे निरांजन लावावे, एक फूल किंवा तुळशीचे पान वाहावे, आणि कुणी घाई करत नाही अशी दोन मिनिटे तिघांनी उभे राहावे. गीता पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर समाधानी आहे. त्या दोन मिनिटांत काही मागू नये. ज्यावाचून आजचा दिवस झाला नसता ते आठवावे. नळाला आलेले पाणी, डब्यातली पोळी, सोबतचे माणूस. फूल नसेल तर मनाने वाहावे, मानसपूजेला शास्त्रात पूर्ण मान आहे. परगावी असाल तर जिथे असाल तिथे उभे राहावे. हे रोज व्हावे एवढाच माझा आग्रह आहे, कारण माझ्या अनुभवात वर्षातून एकदा केलेल्या मोठ्या पूजेपेक्षा रोजच्या या उभे राहण्याने घराचे बोलणे-चालणे अधिक बदलते.

धर्म या शब्दाखाली मी आतापर्यंत उपासनेबद्दल बोललो, पण धर्माचा मोठा भाग देवघराबाहेर आहे. "जे का रंजले गांजले" त्यांना आपले म्हणणाऱ्याच्या ठायी देव जाणावा, असे तुकोबा सांगतात. ज्या सोसायटीत वाजतगाजत सत्यनारायण होतो, तिथेच घरकाम करणाऱ्या बाईंना मुख्य लिफ्टमध्ये येऊ देत नाहीत, त्यांच्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवतात, आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला प्रसाद सगळ्यांचे झाल्यावर उरला तर मिळतो. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते, आणि पूजेला बोलावलेल्या ठिकाणी मी ते बोलूनही दाखवतो. धर्माच्या नावाने आपल्याकडे फार मोठा अन्याय झालेला आहे. नाशिकला काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३०मध्ये सत्याग्रह करावा लागला; पंढरपूरचे देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, आणि ज्या चोखोबांचे अभंग आपण गातो त्यांची पायरी देवळाबाहेरच राहिली होती. म्हणून एखादी रूढी पाळावी की नाही असा प्रश्न पडला तर मी एकच कसोटी लावतो. तिच्यामुळे कुणा माणसाला दूर ठेवावे लागते का, कमी लेखावे लागते का? तसे असेल तर ती कितीही जुनी असो, सोडून द्यावी. आपली मुलगी देवाबद्दल जे शिकेल त्यातले बरेचसे आपण त्या कामवाल्या बाईंशी कसे बोलता त्यावरून शिकेल.

राहिला नवरात्राचा प्रश्न. सासूबाईंशी यावर वाद घालू नये. त्यांच्या मनात देवीची भीती असेलच, पण जे आपल्या सासूकडून आले ते आपल्यापाशी तुटले, हे दुःखही आहे, आणि त्या दुःखाचा मान राखलाच पाहिजे. चांगली गोष्ट अशी की शास्त्रकारांनी आपल्यासारख्या घरांचा विचार आधीच करून ठेवला आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्याय यांनी १७९०च्या सुमारास रचलेल्या धर्मसिंधूत सांगितले आहे की प्रतिपदेपासून नऊ दिवस जमत नसतील तर तृतीयेपासून सात, पंचमीपासून पाच, सप्तमीपासून तीन, अष्टमीपासून दोन दिवसांचे, किंवा तेही शक्य नसेल तर एकाच दिवसाचे नवरात्र करावे. आपण सप्तमीपासूनचे तीन दिवस धरावेत. घट सासूबाईंच्या हातून बसवावा, माळ रोज संध्याकाळी घरी आल्यावर मुलीने करावी, आरतीला सगळ्यांनी असावे, आणि त्यांच्या माहेरच्या-सासरच्या देवीच्या गोष्टी त्यांना सांगू द्याव्यात. अखंड दिव्याचा मात्र आग्रह नको. त्या घरी असतील आणि लक्ष ठेवू शकतील तेवढा वेळ दिवा तेवत ठेवावा. घराला कुलूप लावायचे असेल तर पेटता दिवा मागे ठेवून जाऊ नये, नमस्कार करून तो शांत करावा आणि परत आल्यावर पुन्हा लावावा. मध्येच वाऱ्याने विझला तरी तसेच करावे, आणि सासूबाईंना सांगावे की गुरुजींना विचारले आहे, चालते.